टपालवालीच्या जागी नावाडीण

पहिल्या चाचणीत एका खेळाडूने नावाडिणीवर वीस मिनिटं दगड मारले. आमच्या संगणकावरच्या खेळात दगड उचलता येतो, फेकता येतो, त्याने कुणाला काही होत नाही. तरी तो बाबा थांबेना. ती होडीत उभी राहून "मी या नदीची लेक, माझा बाप याच पाण्यात गेला" असं सांगतेय आणि याचा दगड ठण्णकन तिच्या कपाळावर. काचेच्या अलीकडे आम्ही पाच जण वह्या घेऊन बसलो होतो. चौघे हसले. मला हसू आलं नाही, कारण नावाडीण मी लिहिली होती.

खेळाच्या पहिल्या भागात टपालवाली होती. डोंगरातून पत्रं पोचवणारी, गुडघ्यांनी अधू आणि तोंडाने फटकळ बाई. लोकांनी तिच्यासोबत चाळीस-चाळीस तास काढले होते. दुसऱ्या भागात नदी आली आणि नदीबरोबर ही नवी बाई. अर्ध्या वाटेवर टपालवालीला सोडून हिच्या होडीत बसायचं, असा आमचा बेत. चाचणीच्या शेवटी वाट फुटते. टपालवाली डावीकडे चालू लागते, होडी उजवीकडे. बारांपैकी अकरा जण डावीकडे गेले. बाराव्याला विचारलं तर म्हणाला, चुकून बटण दाबलं गेलं.

आमच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणतात. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तीन आठवडे आहेत. लोकांना ती आपसूक आवडली पाहिजे, नाहीतर दुसरा भाग गेला बाराच्या भावात. आणि हे बघ, रोज दुपारी घरी पळणार असशील तर आत्ताच सांग. मी नावाडीण दुसऱ्या कुणाला देतो."

दुपारी घरी पळत होते हे खरंच होतं. दीड वर्ष घरून अर्धंमुर्धं काम केल्यावर मी नुकतीच रोज ऑफिसला जायला लागले होते. माझी लेक ठकी वीस महिन्यांची. तिला सांभाळायला मावशी येऊ लागल्या होत्या. पन्नाशीच्या, आवाज भरड्या दळणासारखा. दारात चपला काढल्या की दोन्ही हात पसरून म्हणायच्या, "ये गं माझी राणी!" राणी भिंतीला पाठ लावून असा टाहो फोडायची की खालच्या मजल्यावरचे दार उघडून बघायचे.

"माझं तोंडच तसलं, ताई," मावशी म्हणायच्या. "पोरं बघून रडतात आणि मोठी माणसं बघून पत्ता विचारतात."

मी बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावला होता. ऑफिसात मोबाईल टेबलाखाली धरून ठकीचं रडणं बघायचे, आवाज बंद करून. आवाज नसला की ते आणखी वाईट दिसतं. नवरा म्हणाला, "खेळाडूंना काचेतून बघतेस, पोरीला मोबाईलमधून. जेवताना मला तरी सरळ बघत जा." त्याला हसायला काय जातं. ठकी मावशींकडे राहिली नाही, तर काम त्याचं सुटणार नव्हतं.

त्याच दिवसांत, नावाडिणीचं पान सातव्यांदा फाडताना, माझ्या लक्षात आलं की नावाडीण आणि मावशी, या दोघींची चूक एकच आहे. दोघी येतात त्या हात पसरून. ओळख ना पाळख, आणि थेट गळ्यात. कुठल्याही खेळाच्या दुसऱ्या भागातली निम्मी पात्रं अशीच मरतात. आल्याआल्या आपलं दुःख सांगतात, आपली हुशारी सांगतात, दारात उभं राहून स्वतःची शिफारस करणाऱ्या माणसासारखी. ज्याने चाळीस तास दुसऱ्या कुणाबरोबर घालवलेत, त्याने का ऐकावं?

मी नावाडिणीचा बाप काढून टाकला. आता ती दिसते तेव्हा पाठमोरी, उलट्या होडीला डांबर फासतेय. वळून बघतही नाही. "तिथं उभं राहू नका, कपडे खराब होतील," एवढंच. खेळाडू थांबतो. तिचं तोंड बघायला होडीभोवती फेरी मारतो. मग ती त्याला मेणकापड देते, ज्याच्यासाठी तो मागचा तासभर भिजकी पत्रं घेऊन वणवण करतोय. आणि तिसरी गोष्ट, जी लिहिताना मला बरं वाटलं नाही: टपालवालीचा पाय घसरतो. पहिल्या अख्ख्या भागात ती एकदाही घसरलेली नाही. इथे घसरते, आणि नावाडीण तिची गचांडी धरून वर ओढते.

चित्रं काढणारा एक जण आहे, त्याला आम्ही पेन्सिल म्हणतो. तो म्हणाला, "हे स्वस्तातलं आहे हं. जुनीला लुळी करायची आणि नवीला पैलवान."

"चालेल ना पण?"

"चालेल. स्वस्तातलं नेहमी चालतं."

घरी मी मावशींना म्हटलं, "उद्यापासून आलात की तिच्याकडे बघायचंच नाही. खाली बसून वाटाणे सोलायचे."

"आणि पोर?"

"पोर येईल."

"हे पुस्तकात लिहिलंय का, ताई?"

"मीच लिहिलंय."

पहिल्या दिवशी ठकी दाराच्या चौकटीतून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने एक शेंग पळवली. तिसऱ्या दिवशी शेजारी फतकल मारून बसली. मग मी मेणकापड काढलं. ठकीला नळाखाली हात धरायचं वेड होतं आणि मी ते कधी करू द्यायचे नाही, सर्दी होते म्हणून. मावशींना सांगितलं, खुशाल करू द्या, पण मी घरात नसतानाच. नाकात थेंब घालणं, नखं कापणं, केसांतला गुंता सोडवणं ही सगळी वाईट कामं मी माझ्याकडे ठेवली. शेवटी एके सकाळी ठोकळ्यांच्या डब्याचं झाकण मला उघडतच नाही असं नाटक केलं. दात-ओठ खाल्ले, हुश्श केलं, डबा खाली ठेवला. मावशींनी एका हाताने झाकण काढलं. ठकीने टाळ्या पिटल्या. मावशींनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

पुढच्या चाचणीत बारांपैकी नऊ जण उजवीकडे गेले. एकाने तर टपालवाली डावीकडे वळायच्या आतच होडीत उडी मारली. कप्तानने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "म्हातारीची कुणाला आठवणसुद्धा येत नाही! मानलं बाई तुला."

त्या दिवशी मी लवकर, उजेडातच घरी पोचले. ठकी मावशींच्या खांद्यावर होती, हात कोपरापर्यंत ओले. मला दारात बघितलं, क्षणभर विचार केला आणि हात हलवून म्हणाली, "टाटा."

नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "अगं, दार आणि तू म्हणजे टाटा, एवढाच तिचा हिशोब."

असेल. पण रविवारी, मावशी सुट्टी असून सहज डोकावल्या होत्या तेव्हा, ठकी पळताना आपटली. ओठ फुटला. मी दोन पावलांवर होते, गुडघ्यांवर बसून हात पुढे केलेले. ती उठली, माझ्या बाजूने वळसा घालून, खुर्चीला घालावा तसा, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मावशींच्या पायाला जाऊन बिलगली. मावशी ओशाळल्या. "अगं वेडे, आई तिकडं आहे." वेडीने डोकं त्यांच्या पदरात आणखी खोल खुपसलं.

"बरं की," नवरा म्हणाला. "तुझ्याच मनासारखं झालं ना?"

मी ओठाला लावायला बर्फ आणायला गेले आणि फ्रिजचं दार उघडं धरून तशीच उभी राहिले.

आता जे केलं ते सांगते. पात्र चढवता येतं तसं उतरवताही येतं. खेळाच्या पहिल्या भागात एक सराईवाला लोकांना नको तितका आवडू लागला होता. गोष्ट पुढे सरकेना, सगळे त्याच्याच सराईत जाऊन बसायचे. आम्ही त्याला दुष्ट केलं नाही. दुष्ट केलं की लोकांना संशय येतो. टपालवालीच्या जखमी घोड्याला गोळी घालतात तेव्हा लगाम फक्त त्याच्या हातात दिला. बस. त्यानंतर त्या सराईत कुणी पाऊल टाकलं नाही.

गुरुवारी ठकीची राहिलेली लस होती. मी मावशींना म्हटलं, "मला मीटिंग आहे. तुम्हीच घेऊन जा. नर्सबाई सांगतील तसं घट्ट धरा, हलली तर पुन्हा टोचावं लागतं."

"ताई, सुईला आई असलेली बरी."

"मीटिंग आहे मावशी."

मीटिंग नव्हती. मी सकाळी डबा घेऊन निघाले ती थेट दवाखान्यात. लस देतात ती खोली पहिल्या मजल्यावर, आणि जिन्याखाली मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या आहेत, तिथे उभी राहिले. मावशी ठकीला कडेवर घेऊन माझ्या डोक्यावरून वर गेल्या. ठकी काहीतरी गात होती. मग दार लागलं. मग ती ओरडली. लगेच जायचं नव्हतं. लगेच गेले असते तर सुई आणि मी एकाच चौकटीत आलो असतो. मी चाळीस आकडे मोजले. तिसाव्याला तिचा आवाज घोगरा झाला तरी मी दहा आकडे आणखी मोजले, हे मला कुणी विचारलेलं नाही, पण मी सांगते. मग धावत वर गेले, धापा टाकत, आत्ताच पोचल्यासारखी.

ठकीने माझ्याकडे झेप घेतली. दोन्ही हातांनी माझी मान अशी आवळली की मला श्वास घेता येईना. मावशींच्या मनगटावर तिच्या दातांचे वळ उठले होते. त्या दुसऱ्या हाताने ते चोळत होत्या आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

"लवकर सुटली मीटिंग," त्या म्हणाल्या.

"हो ना. पळतच आले."

मला आनंद झाला होता. सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं. रिक्षात ती माझ्या छातीवर मुसमुसत होती आणि मला महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर बरं वाटत होतं.

शुक्रवारी मावशींनी दारात चपला काढल्या आणि ठकीने टाहो फोडला. वाटाण्यांनी भागलं नाही, नळाने भागलं नाही. मावशींनी हात पुढे केला की ती दंड पोटाशी धरून मागे सरकायची. शनिवारी तेच. सोमवारी मी ऑफिसला जाऊच शकले नाही, मंगळवारीही. कप्तानचे तीन फोन आले, चौथा आला नाही. पेन्सिलचा निरोप आला: "नावाडीण माझ्याकडे दिलीय. रागावू नकोस. टपालवालीचं घसरणं मी काढून टाकतोय."

बुधवारी मावशी चपला न काढता दारातच उभ्या राहिल्या. "ताई, पोरीला त्रास कशाला? मला दुसऱ्या एका घरी बोलावणं आलंय."

"रुळेल हो ती परत. लहान आहे, विसरेल."

"रुळेल की. तुम्ही रुळू द्याल तेव्हा."

 त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझा स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. घासून-पुसून लख्ख केलेला.

"दवाखान्याच्या जिन्याखाली राहिला होता. काल लसीचं कार्ड आणायला गेले, तर तिथल्या शिपायाने दिला. म्हणाला, तुमच्या ताई बराच वेळ उभ्या होत्या इथं." त्या ठकीकडे बघून थोड्या हसल्या, पण हात पुढे केला नाही. "येते हं राणी." आणि जिना उतरून गेल्या. मी वरून हाकसुद्धा मारली नाही. मारून काय सांगणार होते?

आता ठकी दिवसभर माझ्याकडे असते. हवी होती तशी, माझी एकटीची. कॅमेरा काढून ठेवलाय, बघायला आहे काय. नवरा विचारतो, दुसऱ्या बाई कधीपासून बघायच्या, आणि मी म्हणते, बघू.

मला वाटलं होतं, ती फक्त मावशींच्या मांडीवर फुली मारेल. खेळाडू तसंच करतात. सराईवाल्याचा राग त्यांनी कधी घोड्यावर काढला नाही, टपालवालीवर तर नाहीच. पण ठकी खेळाडू नाही. जी प्रेमाने उचलून घेते तीच घट्ट धरून ठेवते, एवढं तिला कळलंय, आणि मावशी कोण, आई कोण, हा फरक त्यात बसत नाही. काल दुपारी झोपेतून उठली, तेव्हा मी नेहमीसारखे हात पुढे करून "ये" म्हटलं. ती गादीवर उभी राहिली. दंड पोटाशी धरला. माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, मग डाव्या. मी दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवले.

ती आली. पण आधी माझी बोटं एकेक करून उघडून बघितली.