अळणी

कार्तिकातलं कलतं ऊन खाजणावर उतरलं, की ते नुसतं ऊन राहत नाही. ते ताम्रवर्ण होतं, क्षारशुभ्र होतं, चिखलाच्या भेगाभेगांतून चमचमत राहतं. जिथे साळीच्या लोंब्या डोलायच्या, तिथे आता मिठाचा पांढरा पापुद्रा. पावसाळ्यात बांध फुटला, भरती आत आली, आणि शेत समुद्राचं झालं.

त्या क्षारदग्ध भूमीवर एकच हिरवं उरलं होतं. मोरस. इवल्या मांसल पानांचा, देठाशी लालसर, समुद्र पिऊन जगणारा. चांगुणा वाकून त्याचे कोवळे शेंडे खुडत होती. ही भाजी ती जन्मभर खात आली होती. अलीकडे मात्र एकेक शेंडा ती भीत भीतच ओटीत टाकायची.

घरात सून होती, सारिका. घाटावरची, गोड्या पाण्यावर वाढलेली. सातवा महिना, अंगात रक्त कमी, पाय सुजलेले. नर्सबाईंनी बजावलं होतं, पालेभाजी भरपूर द्या, मीठ मात्र जपून, आणि डोकं दुखायला लागलं तर तडक खाडीपलीकडे दवाखान्यात घेऊन या. पण पालेभाजी आणायची कुठून? शेत खारलेलं, बाजारही खाडीपलीकडे, होरीतून, म्हणजे लहान होडीतून गाठायचा, आणि मुलगा नंदकुमार दूर बोटीवर कामाला.

गेल्या महिन्यात शहरातून अभ्यासक आले होते. मोरस पिशवीत भरताना त्यांतली एक मुलगी म्हणाली होती, "आजी, यात लोह आहे, चुना आहे. उद्याचं अन्न आहे हे."

"उद्याचा?" चांगुणा हसली होती. "आमचा तं आजचाच हाय."

हसली खरी, पण लोहाबरोबर त्या पानापानांत समुद्रही साठलेला असतो, हे तिला ठाऊक होतं. तिची धाकटी बहीण बारकी अशाच सुजल्या पायांनी, अशाच दिवसांत गेली होती. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, झटके येत येत. म्हातारी माणसं म्हणाली होती, खार चढला. ते दोन शब्द चांगुणाच्या काळजात अजून ओले होते.

म्हणून ती मोरस उकळायची आणि पाणी फेकायची. पुन्हा उकळायची, पुन्हा फेकायची, मुठीत घट्ट घट्ट पिळायची. वरून मीठ या भाजीत कुणीच घालत नाही. खार उतरला का? ती चिमूटभर भाजी जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, आणि तिला काही कळायचंच नाही. खारा वारा, खारं पाणी, खारी मासळी. तिची जीभ केव्हाच समुद्राची झाली होती, शेतासारखी.

सारिकाची जीभ मात्र घाटावरची. ती ओळखेल. रोज ताट वाढून चांगुणा समोर बसायची आणि एकाच शब्दाची वाट बघायची. अळणी. या गावात भरल्या ताटावर हा शब्द काढणं म्हणजे रांधणारीचा अपमान. त्यावरून सासवा महिनामहिना अबोला धरतात. चांगुणा त्या अपमानासाठी आसुसली होती.

"चांगली झालीय, आत्या," सारिका मान खाली घालून म्हणायची. खोदून विचारलं तरी तेच. त्या गोड उत्तरानंतर चांगुणा दुसऱ्या दिवशी भाजी आणखी एकदा उकळायची.

आज मात्र पहिल्या घासालाच सारिका थबकली. ओशाळली.

"आत्या, राग नका मानू. अळणी लागतीय."

उतरला! खार उतरला! चांगुणाच्या अंगावरून गार झुळूक गेली. पुढे होऊन सुनेची दृष्ट काढावी, असं तिला वाटलं.

"आधी लई खारट लागायची," सारिका पुढे म्हणाली. "तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले नाही. आता काहीच लागत नाही. सकाळी तुमच्या ताटातलं सुकं बोंबील चाखलं, ते बी सपक लागलं. आन् सकाळपासनं डोकं ठणकतंय."

शब्द तोच होता, पण त्याच्यामागे काळोख उभा होता. बोंबील सपक? भाजी अळणी झाली, की जीभ? आता सांगणारं घरात कुणीच उरलं नव्हतं. चांगुणा घाबरली, पुरती घाबरली.

ती गुडघ्यांवर बसली. सुनेच्या पावलावर अंगठा दाबला, उचलला. तांबूस, तुकतुकीत कातडीवर खळगा पडला. ती बघत राहिली. बारकीच्या पावलावरही तिने असाच अंगठा दाबला होता. हाही खळगा भरला नाही.

"ऊठ गो पोरी," ती म्हणाली. "होरी सुटाचे आधी धक्क्यावर जाव."

"जेवण तरी..."

"ऱ्हाऊ दे ता."

आणि त्या निघाल्या, खाजणाच्या मोडक्या बांधावरून, सासूचा हात सुनेच्या पाठीवर, सूर्य तांबडा, वारा खारा. मागे ओल्या चिखलात सारिकाच्या जड पावलांचे ठसे उमटत गेले. भरती आली, आवाज न करता आली, एकेका ठशात शिरली, आणि एकेक ठसा काठोकाठ भरत गेली.