ओव्हनमधले मणी

शनिवारचा क्लास रद्द कर, असं सुश्रुत सकाळपासून सांगत होता. त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज फिरत होते. कुठल्या शहरात दुकानं फोडली, कुठे गाड्या जाळल्या, त्याचे व्हिडिओ. आणि बाहेरून आलेल्यांना हाकलण्यासाठी आज दुपारी इथल्या स्टेशनसमोर जमायचं, असं लाल अक्षरांतलं एक पोस्टर. त्या ऑगस्टमध्ये असली पोस्टरं रोज येत होती आणि बऱ्याच ठिकाणी नंतर कोणी उगवतही नव्हतं.

"स्टेशन कुठे, हॉल कुठे," ऋजुता म्हणाली. "आणि सुलक्षणाताई आठवडाभर वाट बघतात रे. त्यांना काय सांगू, मी घाबरले म्हणून?"

"हो, तसंच सांग."

तिने तसं सांगितलं नाही. क्लेचा डबा, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि हातोड्या पिशवीत भरून ती निघाली.

नवऱ्याच्या, सुश्रुतच्या लीड्समधल्या नोकरीमुळे ती पुण्याहून इथे, इंग्लंडमध्ये आली होती. लीड्सहून ट्रेनने जवळ पडणारं हे लहानसं गाव. पुण्यात ती इंटिरियरची कामं करायची. इथे सुरुवातीला हाताला कामच नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पॉलिमर क्लेचे मणी वळायला लागली. मऊ, रंगीत क्ले मळायची, मणी वळायचे, टाचणीने भोक पाडायचं, ओव्हनमध्ये भाजायचे. मग तांब्याची तार लोखंडी ठोकळ्यावर ठोकून चपटी करायची, तिचे वेढे काढून त्यात ते मणी अडकवायचे. कानातली, पेंडंट, ब्रोच. शेजारणींना आवडली, कोणी शिकवशील का म्हणून विचारलं, आणि मॉरीनने हॉल मिळवून दिला.

मॉरीन त्या हॉलची केअरटेकर. जन्मभर पोस्टात काम केलेली, ठेंगणी, एका पायाने थोडी लंगडणारी. किल्ल्या तिच्याकडे असायच्या आणि क्लासलाही ती स्वतःच पहिली येऊन बसायची.

त्या दिवशी तिच्याशिवाय दोघीच आल्या. सुलक्षणाताई आणि त्यांची नात दिया. सुलक्षणाताई लग्न होऊन या देशात आल्या तेव्हा ऋजुताचा जन्मही झालेला नव्हता. दियाचा जन्म इथलाच. नुकतीच ती शाळेत शिकवायला लागली होती. आजीशी मराठीतच बोलायचं हा तिचा हट्ट, मग ती मराठी कशीही निघो.

"बाकीचे नाही आले का?" ताईंनी विचारलं.

"ऊन पडलंय ना, गेले असतील बागेत," ऋजुता म्हणाली. ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि क्ले मळायला घेतली.

मणी वळून झाले. ऋजुताने ट्रे उचलून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये सरकवला. हॉलचं ते स्वयंपाकघर गल्लीच्या बाजूला होतं. सिंकवर मोठी खिडकी, तिचा ब्लाइंड कधीचा मोडलेला. ओव्हनही जुनाच, काटा लावावा एका आकड्यावर आणि आच चढत जावी भलतीकडेच. क्ले जास्त तापली की जळते आणि तिचा धूर घशाला लागतो. म्हणून मणी भाजताना ऋजुता एरवी ओव्हनपासून हलत नसे. आज दियाने हाक मारली म्हणून ती तेवढ्यापुरती बाहेर आली.

"ऋजुता आंटी, माझा तार तुटला."

"माझी तार," आजी म्हणाली.

"माझी तार तुटली. मी जोरात मारला."

"मारलं," आजी पुन्हा म्हणाली, आणि तिघी हसल्या. ऋजुताने दियाच्या हातून हातोडी घेतली आणि तारेवर हलके, सारखे घाव कसे घालायचे ते दाखवायला लागली. ठक, ठक, ठक. त्या आवाजात दुसरा आवाज कोणाला ऐकूच आला नाही. मॉरीनला तेवढा आला. ती उठली, दाराबाहेर डोकावून आली आणि आत येताच तिने दिवे घालवले.

"पोलिसांनी त्यांना मोठ्या रस्त्यावर अडवलंय," ती इंग्रजीत म्हणाली. "आता ते गल्ल्यांमधून घुसतायत. आपल्याच गल्लीत वळलेत. किती आहेत मला नाही सांगता येणार. खूप आहेत."

"मग आपण मागच्या दाराने जाऊ," दिया म्हणाली.

"मागचं फाटकही याच गल्लीत उघडतं, पोरी."

मॉरीनने दारावरचं क्लासचं पोस्टर फाडून आणलं होतं. त्यावर ऋजुताचा फोटो होता, हातात कानातली धरून हसणारा. तिने त्याची घडी करून खिशात घातली. "तुम्ही मागच्या भिंतीला बसा, खिडक्यांपासून लांब. मी बाहेरून कुलूप लावते आणि पायरीवर बसते. हॉल बंद आहे, मी आत्ताच बंद केला, असं सांगेन. माझ्यावर विश्वास ठेवतील."

"आणि नाही ठेवला तर?" ऋजुताने विचारलं.

मॉरीन बाहेर पडली. दार ओढलं गेलं आणि बाहेरून किल्ली फिरली.

तिघी भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. आधी नुसता कल्ला येत होता. मग शब्द कळायला लागले, आणि शब्द कळले ते जास्त वाईट झालं. परत जा, त्यांना हाकला. कोणी ढोल वाजवत होतं, कोणी फटाका फोडला. मधेच लहान मुलाचा हसण्याचा आवाज आला आणि ऋजुताला वाटलं, हे लोक मुलांना घेऊन आलेत, जत्रेला यावं तसे. दियाने सुश्रुतकाकांना मेसेज केला, पोलिसांनाही फोन लावून कुजबुजत पत्ता सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, आतच थांबा, माणसं पाठवतोय.

सुलक्षणाताईंचा श्वास जोरात चालला होता. दियाने त्यांचा हात धरला. "आजी, तुझा औषध कुठे आहे?"

"औषध नको मला," ताई म्हणाल्या. "हे मी बघितलंय. तुझा बाबा पोटात होता तेव्हा आमच्या दुकानाच्या काचा अशाच फोडल्या होत्या. आजोबा म्हणाले होते, एकदा झालं, आता पुन्हा नाही व्हायचं."

बाहेरून मॉरीनचा आवाज आला, चढा आणि खणखणीत. "बंद आहे म्हटलं ना. आत काय, खुर्च्या आहेत. खुर्च्या बघायच्यात तुला?"

कोणी तरी हसलं. आणि त्याच क्षणी ऋजुताला वास आला.

गोडसर, करपट वास. क्ले तापून जळायला लागते तेव्हाचाच. ओव्हन चालू होता. अजून थोड्या वेळाने धूर होणार आणि छतावरचा अलार्म बोंबलायला लागणार. त्या अलार्मची घंटा बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या बरोबर वर होती, आणि तिच्याखालच्या पायरीवर मॉरीन हॉल रिकामा आहे म्हणून सांगत बसली होती. समजा घंटा वाजली नाही आणि आगच लागली, तर दाराला बाहेरून कुलूप होतं.

"मी जाते," दिया उठायला लागली.

"तू आजींजवळ बस. ओव्हन मी लावलाय."

हे शौर्याने म्हटलेलं नव्हतं. नंतर सुश्रुतने तिचं कौतुक केलं तेव्हा तिने त्याला तसं सांगितलंही. दियाला काही झालं तर आपण ताईंना तोंड कसं दाखवणार, एवढंच तिच्या मनात होतं. ही भीती बाहेरच्या भीतीपेक्षा मोठी होती, म्हणून ती निघाली.

ती रांगत हॉल ओलांडून गेली. स्वयंपाकघराच्या दारात पोटावर झोपली. खिडकीतून डोकी सरकताना दिसत होती, झेंड्यांच्या काठ्या दिसत होत्या. फरशीवर कपाटाच्या कडेकडेने ती सरपटत ओव्हनपर्यंत पोचली. काचेआड लहानसा नारिंगी दिवा लागलेला होता आणि दाराच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघत होती. दार उघडलं तर सगळा धूर एकदम छताला जाईल. तिने खालून हात घालून बटण फिरवलं. बटण नुसतंच गरागरा फिरलं. दिवा विझला नाही.

आता राहिला ओव्हनची वीज तोडणारा भिंतीवरचा लाल स्विच. तो ओट्याच्या वर होता, खिडकीच्या अगदी शेजारी.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की दियाच्या हातून घेतलेली हातोडी अजून आपल्या मुठीत आहे. रांगत आली तरी ती सुटली नव्हती. तिने हातोडी उलटी धरली, लाकडी दांडा वर केला आणि ओट्याला पाठ लावून हळूहळू उठायला लागली. दांडा स्विचला लागला. तिने दाबलं.

खट आवाज झाला. नारिंगी दिवा विझला. तिने मान वळवून वर बघितलं, आणि काचेला चिकटलेला एक चेहरा तिच्याकडे बघत होता.

दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरून तो आत वाकून बघत होता. तिच्याच वयाचा असेल. तोंडावरचा काळा रुमाल हनुवटीखाली घसरलेला. पापण्या भुऱ्या. काचेवर त्याच्या श्वासाचा डाग धरत होता, विरत होता. ऋजुता हलली नाही. हलताच आलं नाही. ओरडावं असंही तिला वाटलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की आपण सुश्रुतला धुतलेले कपडे वाळत घालायला सांगायचं विसरलो.

"आहे का कोण आत?" मागून कोणी तरी त्याला विचारलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला. निदान तिला तसं वाटलं. मग मागे सरकला.

"काय नाय," तो म्हणाला. "स्वयंपाकघर आहे."

ती खाली सरकली आणि फरशीवर पडून राहिली. तो खोटं बोलला होता का? की बाहेरच्या उजेडात काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसला होता? की आत्ता खोटं बोलून तो दोघातिघांना घेऊन मागच्या फाटकाने येणार होता? धुराने तिचे डोळे चुरचुरत होते. ओढणीचा बोळा तोंडात धरून ती खोकला दाबत होती आणि छतावरच्या अलार्मकडे बघत होती. त्यावरचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. वाजू नको, वाजू नको, असं ती पुटपुटत होती, जसं काही तिथे कोणी ऐकणारं होतं.

अलार्म वाजला नाही. पण हॉलमध्ये काच फुटली.

दियाची किंकाळी अर्ध्यातच दाबली गेल्यासारखी झाली. ऋजुता आता रांगली नाही, धावली. एक वीट मोठ्या खिडकीतून येऊन त्यांच्या टेबलावर पडली होती. क्लेचे गोळे, तारा, सगळीकडे काचांचा चुरा. सुलक्षणाताई भिंतीशी तशाच बसल्या होत्या आणि नातीचं डोकं त्यांनी मांडीवर दाबून धरलं होतं. ऋजुताने दोघींच्या पुढे बैठक मारली आणि हातोडी, आता सरळ धरून, दाराकडे बघत बसली. कोणी आलं असतं तर तिने काय केलं असतं, ते तिला आजही ठाऊक नाही.

मग पोलिसांच्या घोड्यांच्या टापा आल्या. कुत्री भुंकली. आरडाओरडा एका दिशेला धावत गेला, पुन्हा उलट आला, पुन्हा गेला, आणि हळूहळू पातळ होत संपला. कुलपात किल्ली खडखडली, पण फिरेना. खडखडतच राहिली.

"मीच आहे," बाहेरून मॉरीन म्हणाली. "हात स्थिर राहत नाहीये. जरा थांबा."

दार उघडलं तेव्हा तिच्या कोटावर बिअर सांडलेली होती आणि गालावर कोणाची तरी थुंकी वाळली होती. तिला ती पुसायचंही भान नव्हतं. ऋजुताने तिला खुर्चीत बसवलं, रुमाल ओला केला आणि तिचा चेहरा पुसला. तेव्हा कुठे मॉरीन रडायला लागली. "यातली काही पोरं मला माहीत आहेत," ती म्हणत राहिली. "त्यांच्या घरी मी पत्रं टाकलीयत."

सुश्रुत पोलिसांनी गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीपाशी उभा होता. "तरी सांगत होतो" हे त्याच्या चेहऱ्यावर होतं, पण त्याने नुसती तिची पिशवी घेतली आणि घरापर्यंत तिचा हात सोडला नाही.

सुलक्षणाताई पुढच्याच आठवड्यात लंडनजवळ पिनरला मुलाकडे गेल्या. थोडे दिवस म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या. ऋजुताने फोन केला तेव्हा म्हणाल्या, "तुझ्यामुळे नाही गं गेले. तू हातोडी घेऊन पुढे बसलीस ना, तेच मला बघवलं नाही. तुझ्या वयात मी तशीच बसले होते, हातात लाटणं होतं एवढाच फरक. मला वाटायचं, तुमच्यावर तरी ती पाळी येणार नाही."

क्लास पुन्हा सुरू झाला तेव्हा थंडी पडली होती. खिडकीला नवी काच आली, ब्लाइंड आला. दिया शाळेच्या नोकरीसाठी इकडेच राहिली; लांबून बस बदलत येते. मॉरीन येते. नव्या चारदोन बायकाही येतात; त्यांतल्या काही त्या दिवसानंतर सोबत द्यायला मुद्दाम आल्या, हे ऋजुताला कळतं. मणी भाजताना ती ओव्हनपाशी उभी राहते. तार ठोकताना मात्र मधेच हात थांबवते आणि बाहेरचा कानोसा घेते. सगळ्या जणी तिच्याबरोबर थांबतात, आणि ती "करा, करा" म्हणाली की पुन्हा ठोकायला लागतात.

गावात फिरताना ती चेहरे बघते. बसस्टॉपवर, फार्मसीच्या रांगेत, पेट्रोल पंपावर. एकदा सुपरमार्केटमध्ये भुऱ्या पापण्यांचा एक माणूस समोर आला. ट्रॉलीत लहान मुलगी बसलेली. त्याने ऋजुताला वाट दिली, मान किंचित हलवली, आणि पुढे गेला. तोच असेल का, हे तिला सांगता आलं नाही. तोच असला तर ती मान कशासाठी हलली, तेही कळलं नाही. हातातलं दूध तिने तिथेच शेल्फवर ठेवलं आणि काही न घेता बाहेर आली, गाडीत बसली, आतून दारं लॉक केली आणि सुश्रुतला फोन लावला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "नुसतं बोलत राहा."