चुकीची नावं

"हे काय आहे, काका?"

बोलणं पुन्हा शिकवायला येणाऱ्या बाईंनी रंगीत चित्र समोर धरलं. चित्रात कंगवा होता. काकांचं उभं आयुष्य गल्लीच्या तोंडाशी केस कापण्यात गेलेलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, ओठ हलवले, "ते... ते..." म्हणाले आणि एका फटक्यात टेबलावरची सगळी चित्रं खाली उडवली.

"राहू दे आज," बाई चित्रं गोळा करत म्हणाल्या. दाराशी त्यांनी मावशींना हळूच सांगितलं, "हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. रोज काही ना काही बोलतं ठेवा त्यांना."

मावशी म्हणजे काकांची बायको. त्या पाळणाघरात मुलं सांभाळायच्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. आणि काकांना अख्खी गल्ली बातमीदार म्हणायची. दुकानात पाय टाकला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. पाऊस का लांबला, कुणाच्या घरी पाळणा हलणार, चंद्रावर पाणी आहे की नाही, सगळ्यातलं त्यांना थोडंथोडं ठाऊक असे आणि उरलेलं ते बेधडक ठोकून देत. समोरचा चुकला की त्याला दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. त्या माणसाला मेंदूचा झटका आला. हातापायांतली ताकद बघता बघता परतली, पण शब्द काही आले नाहीत. 'नाही' आणि 'ते' एवढेच काय ते मागे राहिले.

त्याच आठवड्यात वादळ झालं. वीज गेली, रस्ते अडले, बाईंचं येणं बंद झालं, पाळणाघरालाही कुलूप लागलं. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, बाबांना घेऊन इकडेच ये. दुकान देऊन टाक. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलता येत नाहीत, तिथे काय करणार ते?"

"बघू."

"तू नेहमी बघू म्हणतेस."

"मग बघतेच आहे ना," असं म्हणून मावशींनी फोन ठेवला. नवऱ्याच्या पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला. बाहेर पडू."

बाहेर सगळं उलटंपालटं झालं होतं. दुकानासमोरचं जुनं झाड मुळासकट आडवं झालेलं, मुळांत अडकलेली फरशी हवेत. नेहमी वर बघावं लागणारी पानं आता गुडघ्याशी आली होती. घरटी हरवलेल्या साळुंक्या तारांवर बसून कलकलाट करत होत्या. मावशींनी एक लाल फूल उचललं आणि सवयीनं, पाळणाघरातल्या आवाजात विचारलं, "हे काय आहे बरं? सांगा बघू, सांगा."

बातमीदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि तडक घराकडे चालू लागले. दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मावशींना स्वतःचाच राग आला. साठी ओलांडलेल्या माणसाशी आपण काय बोललो, हे त्यांना भांडी घासतानाही टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच विचारायचं नाही असं ठरवलं. दोघं नुसतीच चालत होती. मागच्या बोळात कुंपणावर पडलेल्या फांदीतून एक मोठा, काळा, तांबूस पंखांचा पक्षी जड पावलांनी बाहेर आला.

"अगबाई," मावशी आपल्याशीच म्हणाल्या, "केवढा हा कावळा."

बातमीदार थबकले.

"नाही."

"नाही कसा? कावळाच तो. भिजून रंग उतरला असेल."

"नाही!" ते चक्क चिडले. मान ताठ झाली, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. "भा... भार... भारद्वाज."

पक्षी केव्हाच निघून गेला होता. मावशी दुखऱ्या गुडघ्यासाठी घेतलेल्या काठीच्या आधारानं उभ्या राहिल्या. त्यांनी आनंद दाखवला नाही. दाखवला तर पुन्हा पाळणाघर होईल, एवढं त्यांना कळलं होतं.

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं."

त्या दिवसापासून मावशी हट्टानं चुकायला लागल्या. रोज सकाळी दोघं बाहेर पडत आणि रोज त्या जगाला भलतीच नावं देत. मोडलेल्या शेवग्याला त्या गुलमोहर म्हणाल्या. साचलेल्या पाण्यात उभ्या बगळ्याला बदक म्हणाल्या. बातमीदारांच्या नाकाला मिरच्या झोंबत. कधी शब्द येई, कधी अर्धाच येऊन अडके, कधी काहीच येत नसे आणि ते भिंतीवर हात आपटत. तसं झालं की मावशी म्हणत, "जाऊ दे, बदकच म्हणू." मग ते पुढच्या वळणापर्यंत पुटपुटत येत आणि निम्म्या वेळा वळणावर शब्द सापडे. काल सापडलेला आज पुन्हा हरवलेला असे, तेही खरं. मावशी कालच्याच झाडापाशी, कालचीच चूक नव्यानं करत. पाऊस भुरभुरत असला तरी त्या छत्री घेऊन निघत. गुडघा बोलायला लागला तर गुडघ्याला पट्टा बांधून निघत.

चुकता यावं म्हणून त्यांना आधी नीट बघावं लागे. इतकी वर्षं त्या खाली मान घालून पाळणाघर गाठत आल्या होत्या. आता तुटलेल्या बुंध्याला फुटलेला लालसर कोंब त्यांना लांबून दिसे. गटाराच्या कडेला वादळानंतर उगवलेली रोपं त्या ओळखू लागल्या. बुलबुलाच्या जोडीनं पडक्या फांद्या सोडून जिन्याखालच्या वेलीत घर मांडलंय, हे गल्लीत सगळ्यांत आधी त्यांना समजलं.

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला एक दिवस ऐकत उभा राहिला. कडुलिंबाखाली उभ्या राहून मावशी म्हणत होत्या, "यंदा चिंचेला पालवी छान आली."

"वहिनी," तो न राहवून म्हणाला, "डोळे तपासून घ्या एकदा."

"घ्यायचेतच," मावशी म्हणाल्या.

बातमीदारांनी इस्त्रीवाल्याकडे बघून अशी मान हलवली, जणू म्हणत होते, बघ बाबा, कुणाशी संसार केलाय मी.

पण एके दिवशी मावशींचा अंदाज चुकला. चुका संपत आल्या होत्या. पायरीवर चिमण्या दाणे टिपत होत्या आणि त्या बोलून गेल्या, "बुलबुल किती धीट झालेत नाही?"

बातमीदार जागीच थांबले. चिमण्यांकडे बघितलं, मग बायकोकडे. पाळणाघरात चिमणीचं बडबडगीत रोज दहा वेळा म्हणणारी बाई चिमणीला बुलबुल म्हणते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उलगडत गेलं. मावशींना वाटलं, आता पाठ फिरवणार. गेलं सगळं.

"खोटं," बातमीदार म्हणाले. मग जरा शोधून, चवीनं, "खोटारडी."

आणि ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी आलं. मावशी शेजारच्या ओट्यावर मटकन बसल्या.

"मग काय करू?" त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "चित्रं फेकता. विचारलं तर रुसता. तुम्हीच सांगा काय करू ते."

ते त्यांच्याशेजारी बसले. बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"दुकान," ते म्हणाले. "उघड."

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा मावशींनी तो सरळ त्यांच्याच कानाला लावला. पलीकडून मुलगी समजावत होती. बातमीदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाही. दुकान." थोडं थांबून, "तू ये."

 मग मुलगी म्हणाली, "येते, बाबा."

दुकान उघडलं तेव्हा पाऊस ओसरला होता. समोरचं आडवं झाड कापून नेलं होतं आणि दुकानात पूर्वी कधी नसलेला उजेड आला होता. त्या उजेडात आरसे डागाळलेले दिसले. मावशींनी ते घासून काढले. पहिलं गिऱ्हाईक आलं ते जुनं, निवृत्त बसड्रायव्हर. खुर्चीत बसल्यावर तो सवयीनं गप्प राहिला, कारण या खुर्चीत कधी कुणाला बोलायची संधी मिळालीच नव्हती. पण आज मागून एक शब्दही येईना. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच तोंड उघडलं. नातीचं सांगितलं, वादळात उडालेल्या पत्र्याचं सांगितलं. बातमीदार "हं" म्हणत होते. कैची बिनचूक चालत होती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. टुक, टुक, टुक, कुणी तांब्याच्या भांड्यावर ठोके देत असावं तसा, एकसारखा. बातमीदारांची कैची थांबली. त्यांनी दाराबाहेर बोट केलं.

"ते..." ते म्हणाले. "ते..."

ड्रायव्हरनं बोलणं थांबवलं. एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच, असा तो आरशात बघत निमूट बसून राहिला.

मावशी दाराशी होत्या. त्यांना त्या पक्ष्याचं नाव ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, याच दारात, ते त्यांना यांनीच सांगितलं होतं. तांबट. शब्द जिभेवर आला होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि चुकीचंही काही सुचवलं नाही.

पक्षी बोलत राहिला. बातमीदारांचे ओठ हलत राहिले. मग आवाज थांबला, पक्षी उडून गेला असावा.

बातमीदारांनी हात खाली घेतला. क्षणभर बाहेरच्या मोकळ्या उजेडाकडे बघितलं. नंतर ड्रायव्हरची मान दोन बोटांनी हलकेच डावीकडे वळवली आणि राहिलेल्या बाजूचे केस कापायला घेतले.