मी बटणांचा डबा, अवकाशातला खजिनदार

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पूर्वी माझ्यात बिस्किटे असत. ती संपल्यावर आईने माझ्यात बटणे ठेवली: शर्टाची, फ्रॉकची, कुठल्याशा कोटाची चार मोठी काळी. शिवणयंत्राशेजारी मी सुखाने बसून होतो. मग मित्रांनो, मला अवकाशातला खजिनदार करण्यात आले आणि माझ्या जिवाला घोर लागला.

त्याचे असे झाले. घरातल्या ताईने एक खेळ रचला. दर रविवारी जेवणाच्या टेबलाभोवती चौघे बसत. ताई अवकाशसफरीची गोष्ट सांगे. तिचा धाकटा भाऊ यान चालवी, मावसभाऊ ते दुरुस्त करी आणि शेजारची मुलगी यानावरची डॉक्टर होई. संकटातून कोण वाचले ते फासा ठरवी. पैसे म्हणून माझी बटणे. इथवर ठीक होते.

पण ताईचा हात भारी सढळ. पहिल्याच सफरीत एका प्रवाशाला सोडवले, तर बक्षीस चाळीस बटणे! माझ्यात जेवढी परत येत, त्याच्या दुप्पट बाहेर जात. मी झाकण खडखडवून पाहिले, पण डब्याचे ऐकतो कोण? तीन रविवारांत तिघेही गडगंज झाले. चाचे लुटायला आले की हे तिघेच त्यांना विचारत, "किती घेता?" इंजिन बंद पडले की नवे विकत घेत. फासा नुसता पडून. मावसभाऊ तर जांभया देऊ लागला. माझा तळ दिसायला लागला, तशी ताईने बक्षिसासाठी बाबांच्या शर्टाची दोन बटणे कापली. सोमवारी बाबा ऑफिसात सेफ्टीपिन लावून बसले. संध्याकाळी बोलणी कुणी खाल्ली? मी. म्हणे, हा डबा मुलांच्या हाती दिलाच कशाला.

मग ताईने त्याहून मोठी घोडचूक केली. सगळे यानात झोपले असताना चोर येऊन सारे धन घेऊन गेले, असे तिने जाहीर केले आणि प्रत्येकापुढची बटणे ओंजळीने माझ्यात ओतली.

डॉक्टर उठली. आवाज न चढवता म्हणाली, "आम्ही जीव धोक्यात घालून कमावलं होतं. तू घेताना फासासुद्धा टाकला नाहीस." चपला घालून ती घरी गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्यावाचून दोघे भाऊ खेळेनात. मी मात्र काठोकाठ भरलेला. मला हवे होते ते सगळे मिळाले होते, आणि ताई माझ्याकडे बघून डोळे पुसत होती. आता सांगा, वैतागायचे तरी कुणावर?

बाही शिवता शिवता आई म्हणाली, "तू त्यांना कमवायला शिकवलंस गं. खर्चायला काय ठेवलंस?"

ताईने मला काखोटीला मारले आणि ती शेजारच्या दारात उभी राहिली.

"चुकलं माझं. ही तुमचीच आहेत. यांचं काय करायचं, तूच सांग."

डॉक्टरने बटणे चिवडून पाहिली. मग म्हणाली, "आपण सफरीत उतरलो होतो ना, त्या खाणीच्या चंद्रावर दवाखाना नाही. एवढे लोक राहतात तिथं."

त्या रविवारी ताईने तिघांची बटणे परत दिली आणि टेबलावर कागद पसरून दवाखाना उभा राहिला. एका बटणाला एक खाट. हवेसाठी रोज दोन बटणे लागतील, हे ताईने आधीच सांगून ठेवले. बघता बघता तिघांपुढचे ढीग संपले. नेमकी तेव्हाच हवेची नळी फुटली. विकत घ्यायला एक बटण नव्हते. मावसभावाने फासा उचलला आणि सगळे खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. जांभई कुणालाच आली नाही.

तर मित्रांनो, देताना हात आवरा. दिलेले न विचारता काढून घेऊ नका. आणि माझी कळकळीची विनंती, खेळ संपला की बटणे मोजून माझ्यात टाका. बाबांच्या शर्टाची दोन अजून खाटा होऊन चंद्रावरच आहेत. तिथे रुग्ण झोपलेत म्हणून डॉक्टर ती द्यायला तयार नाही, आणि बाबा रोज सकाळी माझ्याकडे रागाने बघत पिन लावतात.