चार नमस्कार आणि एक आखूड पाय

“सकाळपासून चौघी येऊन पाया पडून गेल्या. पण मास्तर, चहाचा कोप आणू काय, असं एकीच्याही तोंडातून आलं नाही.”

ही कुरकुर मी अगदी जवळून ऐकली. बोलणाऱ्याची उशी आणि माझी बैठक यांच्यात जेमतेम वीतभर अंतर होतं. ऐकून मला हसू आलं, आणि लगेच काळजीही वाटली. कारण त्या चार नमस्कारांत काय राहून गेलं होतं, ते त्या वॉर्डात मला दिसत होतं आणि मलाच बोलता येत नव्हतं.

मित्रांनो, खाटेजवळचं जुनं लाकडी स्टूल म्हणजे मी. गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका लहानशा इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात, जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, सहा नंबरच्या खाटेपाशी माझं ठाणं आहे. गोकुळदास मेस्तानं मला फणसाच्या लाकडातून घडवलं. हात त्याचा चांगला, पण गणपतीची चवथ तोंडावर आली होती आणि घराघरातून मूर्तीवर टांगायच्या माटोळीच्या चौकटीसाठी त्याच्याकडे माणसं येत होती. त्या गडबडीत माझा एक पाय नखभर आखूड राहिला. ‘इस्पितळात कोण तास तास बसणार आहे,’ असं म्हणून त्याने मला गाडीत चढवलं.

त्याचं म्हणणं खरंच ठरलं. पहिली काही वर्षं माझ्यावर कुणी बसलंच नाही. जेवणाचे डबे ठेवले, आंब्यांची पिशवी ठेवली, दिवा बदलायला शिपाई बूट घालून उभा राहिला. डॉक्टर तर एक पाय माझ्यावर ठेवून उभ्यानेच विचारायचे, “कसं आहे?” आणि उत्तर यायच्या आत पुढच्या खाटेशी पोचायचे. लोक म्हणायचे, स्टूल भक्कम आहे हो. कौतुक ऐकून बरं वाटायचं. पण स्टुलाला आणखी काही हवं असतं.

ते मला सुमंगलाबाईंनी दिलं. बाई नर्सिंगच्या मुलींना शिकवायच्या. वर्षातून दोनदा पणजीहून सकाळच्या बसने मुलींचा घोळका घेऊन यायच्या. त्यांचा पहिला धडा माझ्यापासून सुरू व्हायचा. आधी बसायचं. रुग्णाच्या डोळ्यांना डोळे समोर यायला हवेत, वरून खाली बघायचं नाही. प्रश्न विचारला की गप्प राहायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. उत्तर रुग्णाकडून घ्यायचं, उशाशी उभ्या बायकोकडून नाही. आणि “कांय जावचें ना, भियेवं नाकात,” हे तर मुळीच म्हणायचं नाही. काही होणार की नाही ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि तसं म्हटलं की माणूस आपली भीती गिळून गप्प बसतो, असं बाईंचं सांगणं. मग केसांपासून तळपायापर्यंत एकेक अवयव पाहायचा आणि कागदावर लिहायचा.

नवीन मुली माझ्यावर बसून दहा मोजायच्या तेव्हा त्यांचे ओठ हलायचे. एका म्हाताऱ्याने तर विचारलं होतं, पोरी जप करतेस की काय.

तर मी सांगतो ती गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमधली. राजभाषेचा कायदा होऊन दोन महिने झाले होते तरी आमच्या वॉर्डात वाद चालूच होता. जनेलाकडच्या खाटा मराठीच्या, दाराकडच्या कोंकणीच्या. तावातावाने बोलणं चालायचं. मात्र सुई टोचली की दोन्हीकडून “आवय गे” एकाच सुरात यायचं.

सहा नंबरवर नार्व्याचे महादेव मास्तर आले होते. निवृत्त शाळामास्तर. आसपासच्या चार गावांतल्या माणसांचं अक्षर त्यांच्या हाताखाली वळलेलं. पाच दिवस ताप उतरत नव्हता. एप्रिलच्या उकाड्यात वॉर्ड घामाने निथळत असताना मास्तरांच्या पायांवर मात्र जाड चादर. त्यांची बायको शेवंतीकाकी ती सारखी नीट करायच्या आणि चादरीखाली कापराची पूड टाकायच्या. तापाला बरा असतो कापूर, असं सगळ्यांना सांगायच्या.

माझं नाक, म्हणजे माझी बैठक, गादीच्या उंचीला. मला कापरामागचा दुसरा वासही येत होता.

त्या सकाळी बाईंनी मुलींना दाखवण्यासाठी मास्तरांचीच तपासणी घेतली. आता गंमत अशी, की बाईही नार्व्याच्याच. याच मास्तरांनी बोट धरून त्यांना पाटीवर पहिली मुळाक्षरं गिरवायला लावली होती. बाई माझ्यावर बसल्या. डोळे, जीभ, नाडी, छाती, पोट, सगळं अगदी निगुतीने पाहिलं. मग पायांकडे सरकून वाकल्या. मास्तरांना वाटलं, जुनी विद्यार्थिनी पाया पडते आहे. त्यांनी हात वर केला, “सुखी राव, चेडवा,” म्हणाले आणि संकोचाने पाय चादरीत ओढून घेतले. आशीर्वाद मिळाल्यावर मास्तरांच्या अंगावरची चादर कोण ओढणार? बाईंनी चादरीवरूनच हात लावून कपाळाला नेला. सरावाच्या कागदावर पेन्सिलीने शेवटची ओळ लिहिली: पाय, ठीक. कागद माझ्यावर ठेवला आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मुली हुशार. बाईंनी जे केलं ते त्यांनी जसंच्या तसं उचललं. एकीमागून एक तिघी आल्या, डोळे पाहिले, छाती पाहिली, पायांपाशी आल्यावर नमस्कार केला आणि लिहिलं, ठीक. एकीने तर वहीत शेवटची पायरी म्हणून नमस्कार असं लिहूनही ठेवलं. डॉक्टर आले. बाईंनी डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं आहे म्हटल्यावर त्यांनी मलेरियाचं रक्त काढायला सांगितलं आणि पुढच्या गावचा दवाखाना गाठायला निघून गेले.

आणि मग मास्तरांनी ती चहाची कुरकुर केली.

पाचवी आली ती दुपारी, गौरवी. पेडण्याकडच्या कोरगावची. सुट्टीला घरी गेली होती आणि येताना वाटेत बस बंद पडली, त्यामुळे बाईंनी काय करून दाखवलं ते तिने पाहिलंच नव्हतं. तिने आल्याबरोबर चहाचा कोप आणि अर्धा उंडो पाव मास्तरांच्या हाती दिला आणि माझ्यावर बसली. मी डुगडुगलो. मुद्दाम नाही हो, आखूड पायामुळे. पण त्या दिवशी जरा जास्तच डुगडुगलो असेन.

ती उतरली. माझ्यावर पडलेला कागद तिने न वाचताच चौपदरी घडी करून माझ्या आखूड पायाखाली सारला. त्यासाठी ती खाली वाकली आणि तिचं नाक गादीच्या कडेला आलं. ती क्षणभर तशीच राहिली. मला कळलं, हिला वास आला.

मला वाटलं आता ही चादर ओढणार. पण ती पुन्हा माझ्यावर येऊन बसली आणि घरचं सांगू लागली. काजूच्या दिवसांत वडील भाटातून, म्हणजे काजूच्या बागेतून, परत आले, की पायातले काटे काढायचं काम लहानपणापासून तिचं. दिव्याशी पाय धरायचा, सुई तापवायची आणि एकेक काटा काढायचा. वडील ओरडायचे, पण पाय मागे घ्यायचे नाहीत.

मग तिने विचारलं, “मास्तर, तुमच्या पायांत कदी काटो गेल्लो?”

मास्तरांनी काकींकडे पाहिलं. शेवंतीकाकी पुढे झाल्या, “तांकां कांय दुखना गो.” गौरवीने काकींचा हात हलकेच धरला आणि मास्तरांकडेच बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. दहा झाले. मी तिच्यासोबत मोजत होतो. पंधरा झाले. सतरावर मास्तर म्हणाले, “काटो न्हय. खिळो.”

पंधरवड्यापूर्वी चपलेतून खिळा वर आला होता. सकाळी देवळात जाऊन आले, दुपारी बाजार केला, आणि घरी आल्यावर जमिनीवर रक्ताचे ठसे बघून काकी ओरडल्या तेव्हा त्यांना कळलं. पाय बधिर झाले होते. रक्तात साखर आहे असं दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरने सांगितलं होतं, ते त्यांनी गुळाच्या चहाबरोबर पिऊन टाकलं होतं. कुणाला सांगायचं नाही म्हणून काकींना शपथ घातली होती.

“म्हज्या दादाचो पांय असोच एका घायाक लागून कापलो,” मास्तर म्हणाले. “म्हजोय कापतले?”

पलीकडच्या चार नंबरवरून लगेच आवाज आला, “ना हो मास्तर, कांय जावचें ना.” गौरवीने तसं म्हटलं नाही. ती माझ्या कडेवर पुढे सरकली.

“माका म्हायत ना, मास्तर,” ती म्हणाली. “पण जितको उशीर करूं तितको पांय अडचणीत येतलो. बघूं?”

गौरवी माझ्यावरून उठली. मास्तरांनी चहाचा कोप काकींच्या हातात दिला. चादर स्वतःच्या हाताने बाजूला केली आणि पाय आणून ठेवला तो माझ्यावर.

मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ ओझी आली, पण इतकं मोलाचं ओझं त्याआधी आलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी अजिबात डुगडुगलो नाही. पायाखाली कागद होता ना.

खिळ्याची जखम चिघळून धाकटं बोट काळं पडलं होतं. त्याच संध्याकाळी मास्तरांना पणजीला हलवलं. आणखी एक दिवस गेला असता तर पाय घोट्यावरून गेला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तसं न होता फक्त धाकटं बोट गेलं आणि पाय राहिला. मास्तर म्हणायचे, नऊ बोटांनीही आम्ही बाजार करतो.

इकडे मेट्रनबाईंनी सरावाचे कागद मागवले. तीन सापडले. तिघींना उभं करून जे बोलायचं ते बोलल्या. मुली मुसमुसून रडल्या. गौरवीचं कौतुक झालं, तर तीही मान खाली घालून उभी. पहिला कागद कुठे गेला, हे मेट्रनबाईंनी विचारलं नाही, मुलींनी सांगितलं नाही. शिकवणाऱ्या बाईंचं नाव कोण घेणार? सुमंगलाबाई त्या दिवशी जनेलापाशी उभ्या होत्या. बोलायला म्हणून दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

मे महिना सरता सरता गोवा राज्य झालं. वॉर्डात दोन्ही बाजूंच्या खाटांना पेढे मिळाले, ते ठेवलेही माझ्यावरच. साखरवाल्यांनी चोरून खाल्ले, तेही मी पाहिलं. सांगितलं नाही, एवढंच.

आता मी म्हातारा झालो आहे. लोखंडी स्टुलं आली आहेत, चकाकतात, डुगडुगत नाहीत. अधूनमधून मला अडगळीत टाकायची भाषा होते. मित्रांनो, मला रंग लावू नका, माझा पाय सरळ करू नका. फक्त एक करा. घरात कुणी आजारी असलं, की त्यांच्याशी उभ्याने बोलू नका. जवळ बसा, विचारा आणि गप्प राहा. आदर करायचा असेल तर पायांना हात लावा, पण चादर बाजूला करून तेवढे पाय बघाही.

शेवटचं एवढं सांगतो. त्याच वर्षी जुलैत नवीन मुली आल्या. मास्तर जखम दाखवायला आले होते, तेव्हा बाईंनी त्यांनाच खाटेवर बसवलं आणि धडा सुरू केला. मास्तर खुशीत होते. चहा आधी, पाय मग, असं त्यांनी बजावलं. गौरवी आणि त्या तिघीही मागे उभ्या होत्या. बाईंनी सगळी हकीकत सांगितली. चार जणींनी तपासलं, चारही जणी पाया पडून गेल्या, पाय कुणीच पाहिला नाही. सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

एका नवीन मुलीने बसण्यासाठी मला पुढे ओढलं. तिथे जमिनीवर घडी केलेला कागद राहिला. फिनेलच्या पाण्याने पिवळा पडलेला, पण पेन्सिलीचं अक्षर शाबूत. तिने तो उचलला, उलगडला आणि मोठ्याने वाचला: पाय, ठीक.

“हें कोणाचें अक्षर, बाई?” तिने विचारलं.

त्या तिघी जमिनीकडे बघत होत्या. गौरवीने जनेलाबाहेर पाहिलं. मास्तरांनी हात पुढे करून कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि आपणच वळवलेलं ते अक्षर ओळखून चष्मा पुसू लागले.

सुमंगलाबाई माझ्यावर बसल्या. मी डुगडुगलो. त्यांनी तोल सावरला नाही, तशाच बसून राहिल्या. मी मनात मोजायला लागलो. चारवर त्या बोलल्या.

“माझं. चौघींत पहिली मीच होते. या तिघी माझं बघूनच चुकल्या.”