दोन टिंबांच्या आधी

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या ह्वालिएनच्या लुआन म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. बाजाराच्या तोंडाशी वाफेचे पाव विकतो ना, तोच. गोष्ट काही मोठी नाही, एका पत्राची आहे.

लुआन मूळचा समुद्रापलीकडल्या शानतुंगचा. मिसरूड फुटत होतं तेव्हा पलटणीबरोबर बोटीत चढला. बायकोला दोन महिन्यांत येतो म्हणाला आणि चाळीस वर्षं इकडंच राहिला. लढाईपायी समुद्रापलीकडं घरी जायला बंदी होती, ती औंदा उठली, तोवर त्याचे केस गेले होते आणि गुडघे जायच्या वाटेवर होते. त्याचा पलटणीतला दोस्त क्वान, त्याच्याच तालुक्यातला, लगेच जायला निघाला.

"चल की लेका," क्वान म्हणाला. "तुझ्या पावांवाचून कुणी मरत नाही इथं."

"तू जा. माझं पत्र ने."

"का? बायकोला भ्यायलास?"

लुआननं पिठाचा गोळा फळीवर आपटला. "माझ्या उंबऱ्याशी दुसऱ्याच्या वहाणा दिसल्या तर? नको बाबा. पत्रच बरं."

क्वानची थट्टा तिथंच विरली. "शनिवारी निघतो," एवढंच बोलला.

पत्र लिहून देणारे देवळापुढं ढिगानं बसतात. पण लुआनला आपल्या हातानं लिहायचं होतं. पाव संपले की देवळाशेजारच्या खोलीत च्येनबाईंच्या वर्गात तो सहा महिने बसत होता, ते त्याचसाठी. नेमका त्या मंगळवारी बाईंनी फळ्यावर एकाखाली एक दोन टिंबं काढली.

"कोण काय म्हणालं ते सांगायचंय, तर आधी ही टिंबं. सामानाची यादी द्यायचीय, तरीही टिंबं. पण त्यांच्या आधीचं बोलणं पुरतं झालेलं पाहिजे. 'तीन वस्तू आणा' म्हणा, मग टिंबं, मग वस्तू. नुसतं 'आणा' म्हणून टिंबं ठोकाल तर चालायचं नाही."

लुआनला ती टिंबं भलतीच आवडली. त्यानं लिहिलं, 'मी: रोज: पाव: विकतो.'

"लुआनकाका, वहीत मुंग्या सोडल्यात का?"

"बाई, पावावर चार तीळ जास्त पडले तर कुणी तक्रार करतं का?"

"मी करते. खोडा."

सगळा वर्ग हसला. मग बाईंनी पत्राचं सांगितलं: पहिल्या ओळीत, अगदी वर, ज्याला लिहिताय त्याचं नातं, पुढं दोन टिंबं, मग नवी ओळ. कुणी 'थोरली बहीण' लिहिलं, कुणी 'काका'. लुआनची पेन्सिल कागदाला टेकली ती तिथंच राहिली.

गुरुवारी वर्ग सुटल्यावर तो मागं थांबला.

"बाई, टिंबं जमली. आधीचं जमत नाही."

"का? बायकोला लिहिताय ना?"

"अजून माझी आहे का ते कुठं ठाऊक आहे? दुसरा नवरा केला असला तर चूक नाही तिची. तिला वाचता येत नाही. पत्र अंगणात कुणीतरी मोठ्यानं वाचणार, सगळी गल्ली गोळा होणार. मी 'बायको' लिहायचं, आणि तो तिथंच शेंगा सोलत बसलेला असायचा. तिनं तोंड कुठं लपवायचं?"

"मग नुसतं नाव लिहा."

"नावानं कधी हाक मारली नाही हो. चारचौघांत आता मारू?"

"'वहिनी' लिहा, मग कुणी काही..."

लुआननं वर पाहिलं. बाईंनी जीभ चावली. "चुकले, काका." मग त्यांनी विचारलं, "मूलबाळ?"

"एक पोरगी. येन. आठ महिन्यांची होती, माझं बोट धरून उभी राहायची. आता आहे का नाही, देव जाणे."

"घरात बायकोला हाक कशी मारायचा मग?"

लुआन वहीचा कोपरा दुमडू लागला. चाळीस वर्षांत ती हाक त्याच्या तोंडातनं निघाली नव्हती. "काय मारणार... सगळे मारतात तशीच."

शुक्रवारी पाव विकून तो खोलीवर आला, दार लोटलं आणि एकुलत्या स्टुलावर बसला. पीठ मळायची फळी मांडीवर घेतली, तिच्यावर कागद ठेवला, आणि अगदी वर लिहिलं, 'येनची आई:'

पोरगी असो नसो, घर कुणाचंही असो, एवढं कुणाला बदलता येणार नव्हतं. आणि ऐकून कुणाची मान खाली जाणार नव्हती.

शनिवारी स्टेशनावर क्वाननं चष्मा लावून पत्र वाचलं. 'मी आहे. पाव विकतो. गुडघे दुखतात, बाकी बरा. तू कशी आहेस? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.'

"चाळीस वर्षांचं एवढंच?"

"कागद संपला."

"मागची बाजू सगळी कोरी आहे, गाढवा!"

"ती तिच्यासाठी ठेवलीय."

क्वाननं नाक शिंकरलं, पत्र सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं आणि गाडीत चढला.

याला आता सोळा दिवस झाले. क्वान परतलेला नाही. लुआनचे पाव पूर्वीसारखेच दहाच्या आत संपतात, पण टपालवाला बाराला येतो म्हणून म्हातारा रिकामी हातगाडी घेऊन तिथंच बसून राहतो. उद्या सकाळी बाजाराकडं गेलात तर त्याच्याकडनं दोन पाव घ्या, घटकाभर उभे राहा, पिठाचं बोला, गुडघ्यांचं बोला. पत्राचं तेवढं विचारू नका.