उतारावर मागे सरका

पोहरादेवीच्या नवमीच्या जत्रेला बंजाऱ्यांचा तो तांडा दर वर्षी बैलगाड्यांनी जाई. १९५७ साली तांड्याचा प्रमुख, नायक हरिसिंगने ठरवले, यंदा मोटारीने जायचे. मंगरूळपीरच्या एका ठेकेदाराकडे दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर होता. तो ओढायला त्याची जीप घ्यायची की ट्रॅक्टर, एवढेच ठरायचे होते.

"ट्रॅक्टर घ्या, नायक," सोमला म्हणाला. "जड हाय. मागचं वझं त्याले ढकलत नाही."

"जत्रेत नायक काय वखर घेऊन उतरन?" हरिसिंग म्हणाला.

लोक हसले. जीप ठरली.

चढावर जीपने माणसांनी भरलेला ट्रेलर सहज ओढला. हरिसिंग पुढे जीपमध्ये ठेकेदाराचा ड्रायव्हर मदनसिंग याच्या शेजारी बसला होता. घाटाचा उतार लागताच तो मागे वळून ओरडला, "मागं सरका रे, सगळे मागं." बैलगाडीचा हा जुना रिवाज. उतारावर वजन जुवावर येते. माणसे मागे सरकली की बैलांच्या माना मोकळ्या होतात.

"नायक, पुढंच बसू द्या त्यायले," मदनसिंग म्हणाला.

"तू मोटार हाक. वझं मले समजते."

माणसे मागे गेली. हरिसिंगला आपली सीट खालून कोणी उचलल्यासारखी वाटली. ट्रेलरच्या दांड्याने जीपचा मागचा भाग वर घेतला होता. मदनसिंगने ब्रेक दाबला, पण मागची चाके रस्ता धरेनात. ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला, त्याने जीप आडवी केली आणि तो नालीत कलंडला. सोमलाची आई रुपाबाई हिचा हात मोडला. बाकीच्यांना खरचटले.

जत्रेत लोक मदनसिंगवर तुटून पडले. याला ब्रेक मारता येत नाही, ठेकेदाराला सांगून याला काढायला लावू, असे ठरले. मदनसिंग हरिसिंगकडे पाहत होता. हरिसिंग पागोटे सोडून पुन्हा बांधू लागला.

"नायकानं मागं सरकवलं म्हणून वाचलो," रुपाबाई म्हणाली. तिने धड असलेल्या हाताने त्याची दृष्ट काढली. त्याने काढू दिली.

परतीला ठेकेदाराने ट्रॅक्टर पाठवला. दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही, म्हणून मदनसिंगच चालवत होता. हरिसिंग या वेळी ट्रेलरमध्ये बसला. पहिला उतार दिसताच कोणी न सांगता माणसे मागे सरकू लागली. रुपाबाईही झोळीतला हात सांभाळत मागच्या फळीकडे निघाली.

हरिसिंगने ट्रॅक्टर थांबवायला लावला.

"पुढं या समदे."

कोणी हलले नाही. "काहून?" रुपाबाईने विचारले. "तुमीच त मागं सरका म्हणे."

"चुकीचं सांगतलं मी. मोटार म्हंजे बैल नोहे. मागं वजन गेलं की तिची पाठ उचलते, मंग ब्रेक लागत नाही. मदनसिंगनं सांगतलं होतं मले. त्याची चूक नाही."

मदनसिंगने मागे वळून पाहिले नाही.

"हे जत्रेत काहून नाही बोलले?" सोमलाने विचारले.

हरिसिंग पुढच्या फळीजवळ जाऊन बसला. माणसे एकेक करून पुढे आली. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. रुपाबाई तिथवर आली, थांबली आणि पलीकडे दाटीत जाऊन बसली.